भावकी नात्याने, भागीदारी कराराने

(वरकुटे, ता. इंदापूर येथे शेतकरी व व्यावसायिक कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावातल्या व्याख्यानाला इतिहासाचा किंवा संतचरित्राचा विषय असावा, अशी आपल्याकडची रीत आहे. आजचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. भागीदारीतून आणि स्वतःच्या धंद्यातून मिळालेले उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात कसे लिहावे, याविषयी मला बोलायचे आहे. मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. ताळेबंद मांडणे हे सनदी लेखापालाचे, म्हणजे आपण ज्याला ‘सीए’ म्हणतो त्याचे काम. त्यात मी हात घालणार नाही. परंतु कोणता रुपया कोणाचा आणि तो कोठून आला, हे त्या सीएला सांगणे घराचे काम आहे. गफलत होते ती बहुधा तेथेच.

आपल्या तालुक्यातील एखादे चांगले चाललेले घर डोळ्यांसमोर आणा. थोरला भाऊ ऊस आणि डाळिंब पाहतो. धाकटा हमरस्त्यावर ठिबक-पाइपचे किंवा खत-औषधांचे दुकान चालवतो. दुकानाला भांडवल मात्र दोघांचे, आणि सुगीत थोरलाही गल्ल्यावर बसतो. गोठ्यातले दूध डेअरीला जाते. ट्रॅक्टर हंगामात कारखान्याकडे लागतो. म्हणजे पैसा चार दारांनी घरात येतो. आता त्याच घराचे विवरणपत्र उघडा. त्यात थोरल्याच्या नावावर एक आकडा असतो आणि त्याच्यापुढे ‘शेती’ असे लिहिलेले असते. धाकट्याचे नाव कोठेच नसते. रिटर्न भरले, कर शून्य आला, सारे समाधानी! या समाधानाखाली काय दडलेले असते, ते पाहणे हा आजचा विषय.

आयकर या शब्दाशी आपली ओळख तशी जुनी आहे, पण ती कारखान्याच्या दारातून झालेली आहे. सहकारी साखर कारखान्यांनी सभासदांना किमान दरापेक्षा जो जादा ऊसदर दिला, तो खर्च मानायचा की नफ्याची वाटणी, हा वाद किती वर्षे चालला हे येथील जुन्या सभासदांना सांगायला नको. सरकारने मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरण्याची तरतूद २०१५ च्या वित्त अधिनियमाने केली. आणि त्यापूर्वीच्या वर्षांची थकबाकी २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवली. त्यातून कारखान्यांना जवळजवळ दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. दिलेला पैसा कोणत्या नावाने लिहिला गेला, एवढ्यावरून हा वाद उभा राहिला होता. खर्च की नफा? घरातही नेमका हाच प्रश्न असतो. फक्त आकडे लहान असतात आणि भांडायला वकील नसतो.

भागीदारीही या मातीला नवी नाही. याच तालुक्यातील कळंबच्या माळावर उसाची शेती उभी करून पुढे ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद उद्योगात आले ते भागीदारीतूनच. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतले माजी कारकून. त्यांच्याबरोबर वालचंदांनी रेल्वेच्या बांधकामांचे ठेके घेतले आणि ‘फाटक आणि वालचंद’ असे दोघांचे नाव लागलेली पेढी उभी राहिली. एक सावकारी-व्यापारी घराण्यातला, दुसरा नोकरदार. नात्याचा संबंध नाही. नात्याबाहेरच्या माणसाशी व्यवहार करताना आपण कागद करतो. भावाशी करताना मात्र कागद काढणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याला वाटते.

कायद्याची दृष्टी येथे फार स्पष्ट आहे. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ सालचा. त्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा की, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने एकाने चालविलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ज्यांनी ठरवले आहे, ते भागीदार. पाचवे कलम आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे. भागीदारीचे नाते कराराने उत्पन्न होते, जन्माने किंवा दर्जाने नव्हे. हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य कुटुंबाचा धंदा चालवतात एवढ्यामुळे ते भागीदार ठरत नाहीत. म्हणजे भावकी नात्याने मिळते, भागीदारी करारानेच मिळते. दोघे भाऊ एका ताटात जेवतात म्हणून दुकान दोघांचे होत नाही.

आता या कराराचा आयकराशी संबंध कसा येतो? पूर्वी नोंदणीकृत पेढीवर हलका कर बसे आणि उरलेला नफा भागीदारांच्या उत्पन्नात मिळवून त्यावर पुन्हा कर लागे. १९९२ च्या वित्त अधिनियमाने ही पद्धत मोडली. १९९३-९४ या करनिर्धारण वर्षापासून पेढी ही स्वतंत्र करदाती मानली जाते. पेढीने आपल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर भरायचा, त्यावर सध्या ४ टक्के उपकर. आणि कर भरून उरलेला नफा भागीदाराच्या हाती आला की तो करमुक्त. पेढीला माणसासारखी किमान करमुक्त मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के!

हे ऐकून कोणीही दचकेल. पण कायद्याने पेढीला एक न्याय्य वाट दिली आहे. जो भागीदार प्रत्यक्ष राबतो त्याला मोबदला द्यावा, ज्याचे भांडवल गुंतले आहे त्याला वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत साधे व्याज द्यावे, आणि या दोन्ही रकमा पेढीच्या नफ्यातून वजा कराव्यात. मोबदल्याला मर्यादा आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून हिशेबी नफ्याच्या पहिल्या सहा लाखांवर तीन लाख किंवा ९० टक्के यांपैकी जे अधिक असेल ते, आणि त्यापुढील नफ्यावर ६० टक्के. मात्र अट अशी की, हे सारे लेखी करारपत्रात असले पाहिजे. प्रत्येकाचा हिस्सा त्यात नमूद हवा, मोबदला व व्याज देण्याची तरतूद हवी, आणि करारपत्राच्या तारखेच्या आधीच्या काळाचा मोबदला वजा होत नाही. (ही कलमे आपल्या सीएंना १९६१ च्या कायद्यातील क्रमांकांनी पाठ असतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम २०२५ लागू होतो आणि तेथे क्रमांक बदलले आहेत. म्हणून मी क्रमांकांच्या जंजाळात फारसा शिरत नाही.)

एक उदाहरण घेऊ. दोघा भावांच्या दुकानाला वर्षाला दहा लाखांचा हिशेबी नफा झाला. लेखी करारपत्र आहे, दोघेही काम करतात. पहिल्या सहा लाखांवर ९० टक्के म्हणजे ५,४०,०००. उरलेल्या चार लाखांवर ६० टक्के म्हणजे २,४०,०००. एकूण ७,८०,००० रुपये मोबदला, प्रत्येकी ३,९०,०००. पेढीकडे कराला उरले २,२०,०००. त्यावर ६६,००० कर आणि २,६४० उपकर, म्हणजे ६८,६४०. भावांच्या हाती आलेले ३,९०,००० हे २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीतील चार लाखांच्या मर्यादेत असल्याने त्यांच्यावर कर नाही. आता हीच पेढी करारपत्राविना चालवली आणि ती पेढी म्हणून कराच्या कक्षेत आली, तर मोबदला वजा होणार नाही. पूर्ण दहा लाखांवर ३,१२,००० रुपये भरावे लागतील. एका कागदाची किंमत २,४३,३६० रुपये!

येथे चाणाक्ष श्रोता मनातल्या मनात हसला असेल. तो म्हणेल, ‘अहो, एवढे कशाला? दुकान थोरल्याच्या एकट्याच्या नावावर दाखवले तर नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत सूट आहे. कर शून्य! मग पेढी करून ६८,६४० का भरायचे?’ प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याला खोटे उत्तर देण्यात अर्थ नाही. नफा तेवढाच राहिला तर त्या वर्षापुरता कर शून्य येईल. पण थोरल्याने सही करून सरकारला काय सांगितले? हा धंदा माझ्या एकट्याचा आहे. दुकानाची पाटी, जीएसटी, बँकेचे खाते, पॅन हे सारे त्याच्या नावाने उभे राहिले. धाकट्याने पंधरा वर्षे सकाळी सातला शटर उघडले, याची नोंद जगात कोठेही नाही. पुढे मुले मोठी झाली, वाटणीची भाषा सुरू झाली, तर न्यायालय कागद मागेल. आणि कागद म्हणून पुढे येतील ती थोरल्याच्या सहीची पंधरा विवरणपत्रे. त्यांत धाकटा नाही. थोरल्याच्या मनात काळेबेरे नसेलही. पण तो गेल्यावर त्याच्या मुलांच्या, सुनांच्या मनात काय असेल, हे कोण सांगणार? तेव्हा ६८,६४० रुपयांचा तो कर माझ्या मते धाकट्याच्या नावाची किंमत आहे, आणि ती मला जड वाटत नाही. भांडवलावरचे व्याज करारपत्रात घातले तर तीही आणखी उतरते.

धाकट्याच्या नावाचा प्रश्न वाटणीपुरताच नाही. आपल्या गावांवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो, हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर धावतात. अपघातात कर्ता माणूस गेला की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पहिला प्रश्न येतो, तो त्याच्या उत्पन्नाचा. भरपाईचा सारा हिशेब त्यावर बांधलेला असतो. विवरणपत्र हा वैधानिक दस्तऐवज आहे आणि तो उपलब्ध असेल तेथे मृताच्या वार्षिक उत्पन्नाची निश्चिती त्याच्याच आधारे व्हावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मधील निकालात घेतली आहे. ज्याचे विवरणपत्रच नाही, त्याचे उत्पन्न न्यायाधिकरण अंदाजाने धरते, आणि अंदाज हा बहुधा मजुरीच्या आसपास घुटमळतो. दुकान निम्मे ज्याचे होते, त्याच्या विधवेला मजुराच्या उत्पन्नावर भरपाई! कर वाचवल्याचा आनंद त्या दिवशी कोणाच्या कामी येणार?

आता भागीदाराने आपल्या विवरणपत्रात काय लिहावे, ते पाहू. पेढीचे विवरणपत्र वेगळे, आयटीआर-५ नमुन्यात. भागीदाराचे स्वतःचे आयटीआर-३ मध्ये. पेढीकडून येणारी रक्कम भागीदाराकडे तीन रूपांनी येते. मोबदला आणि व्याज हे त्याचे धंद्याचे उत्पन्न. मोबदल्याला बोलीभाषेत आपण ‘पगार’ म्हणतो, पण तो पगार नव्हे. त्यामुळे पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट त्यावर मिळत नाही. तिसरा नफ्यातला हिस्सा. तो करमुक्त, पण लिहायचाच. करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात तो जातो, आणि पेढीचे नाव, पॅन, हिश्श्याचे प्रमाण व भांडवलाची शिल्लक वेगळ्या परिशिष्टात भरावी लागते. ‘कर नाही तर लिहायचे कशाला’ ही समजूत सोडून द्यावी. करमुक्त आणि अनुल्लेखित यांत फरक आहे. शिवाय वर्षभर गल्ल्यातून घरखर्चाला जी उचल घेतली जाते, ती यांपैकी काहीच नाही. ती भांडवलातून कमी होते. उत्पन्न म्हणून ती लिहू नये, आणि पेढीचा खर्च म्हणून तर मुळीच नाही. लेकीच्या लग्नाचा मांडव दुकानाच्या ‘किरकोळ खर्चा’त घालणारे महाभाग आहेतच!

गेल्या काही वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा बदल १ एप्रिल २०२५ पासूनचा आहे. पेढीने भागीदाराला दिलेला मोबदला, व्याज, बोनस, कमिशन यांची वर्षाची बेरीज वीस हजारांच्या वर गेली की पेढीने १० टक्के कर कापून सरकारजमा करायचा. रक्कम रोख दिली नाही, नुसती भांडवल खात्यात जमा केली, तरीही. नफ्याच्या हिश्श्याला किंवा भांडवल काढून घेण्याला ही कपात नाही. आमच्या उदाहरणात दोघांचे मिळून ७८,००० रुपये कापले जातील. भावांना कर नसल्यामुळे ते परत मिळतील. पण विवरणपत्र भरले तरच. ज्या छोट्या पेढ्यांकडे कर कापण्यासाठी लागणारा टॅन क्रमांक नव्हता, त्यांना तो घ्यावा लागला. ‘आमचे घरातलेच आहे’ असे म्हणायची सोय यापुढे राहिलेली नाही.

स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्यांकडे वळतो. येथे कायद्याने साधेपणाची एक वाट ठेवली आहे. किरकोळ दुकानदार, वर्कशॉपवाला, ठेकेदार यांची उलाढाल दोन कोटींच्या आत असेल, तर तपशीलवार वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा किंवा त्याहून अधिक नफा दाखवून मोकळे होता येते. रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटींची. डॉक्टर, वकील, अभियंता यांना एकूण जमेच्या ५० टक्के. त्यांची मर्यादा पन्नास लाख, आणि रोखीचे प्रमाण तेवढेच कमी असेल तर पंचाहत्तर लाख. आडत्या आणि कमिशनवर काम करणारे विमा प्रतिनिधी यांना मात्र ही वाट बंद आहे. भागीदार पेढीकडून मिळालेल्या मोबदल्याला ‘उलाढाल’ म्हणून त्याचे फक्त आठ टक्के उत्पन्न दाखवू पाहणाऱ्या एका करदात्याला मद्रास उच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट नकार दिला. बुद्धी कोठे कोठे चालवावी, यालाही मर्यादा आहे.

या सोप्या वाटेवर दोन खड्डे आहेत. पेढीने ही वाट धरली तर २०१७-१८ या करनिर्धारण वर्षापासून भागीदारांचा मोबदला आणि व्याज त्यातून वजा करता येत नाही. बँकेमार्फत एक कोटीची उलाढाल करणाऱ्या पेढीला सहा लाखांवर थेट १,८७,२०० रुपये कर बसेल. वह्या नीट ठेवल्या असत्या तर त्यातला मोठा भाग वाचला असता. वह्या न ठेवणे महाग पडते, ते असे. दुसरा खड्डा शेतकऱ्याच्या पायाखालचा आहे. या सोप्या योजनेसाठी ‘सुगम’ नावाचा जो आयटीआर-४ नमुना आहे, तो शेती उत्पन्न पाच हजार रुपयांहून अधिक असणाऱ्याला वापरता येत नाही. पाच हजार! इंदापूर तालुक्यातल्या कोणत्या शेतकरी-दुकानदाराचे शेती उत्पन्न पाच हजारांच्या आत असेल? परिणाम असा की, तालुक्याच्या गावी घाईघाईत रिटर्न भरून देणारा कोणी शेतीचा आकडा पाच हजारांत बसवतो, म्हणजे खरे उत्पन्न लपवतो. आणि दुसरा कोणी दुकानाचा नफाच शेतीत ढकलतो. दोन्ही चूक. योजनेचा लाभ आयटीआर-३ भरूनही घेता येतो, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

ऊसतोडणी-वाहतुकीचे ठेके घेणारे बरेच तरुण समोर दिसत आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर. कारखाना तोडणी-वाहतुकीची सगळी रक्कम ठेकेदाराच्या नावे जमा करतो, त्यावर एक टक्का कर कापतो, आणि तो आकडा २६एएस व एआयएस या सरकारी पत्रकांत उमटतो. त्यातला बहुतांश पैसा कोयत्यांच्या जोड्यांना, डिझेलला आणि बैलगाड्यांना जातो. ठेकेदाराच्या हाती उरते ते थोडे. पण टोळीला दिलेल्या उचलीची आणि मजुरीची सही-अंगठ्यासह नोंद नसेल, तर सरकारच्या लेखी ती सारी जमा त्याचीच. आणि तरुण करतो काय? कापलेला टीडीएस परत मिळावा म्हणून कोणातरी एजंटाकडून मनाला येईल तो नफा टाकून रिटर्न भरतो. रिफंड येतो, मग प्रश्न येतो. ट्रॅक्टर दोघा भावांच्या पेढीचा, पण कारखान्याकडे पॅन थोरल्याचा, असेही फार आढळते. तेव्हा कर कापलेला एकाच्या नावावर आणि उत्पन्न दुसऱ्याचे, असा गुंता होतो. यावर उपाय आहे. ज्याचे उत्पन्न त्याच्या नावे कपात दाखवण्याचे घोषणापत्र कारखान्याला देता येते. पण मुळात पेढीचा पॅन आणि पेढीचे बँक खाते आधी देणे हे शहाणपणाचे.

शेती उत्पन्न कशाला म्हणावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच निकाली काढला. जमिनीवर मशागत, पेरणी, लागवड अशी मूळची कामे झाली पाहिजेत, मग पुढचे. त्या कसोटीवर आपली घरे तपासून पाहा. स्वतःच्या बागेतले डाळिंब विकले, ते शेती उत्पन्न. दुसऱ्याची उभी बाग फळावर विकत घेऊन माल परदेशी पाठवला, तो व्यापार. गोठ्यातले दूध, कोंबड्यांची शेड, उजनीच्या फुगवट्यातली मासळी हे सारे कष्टाचे आणि ग्रामीण, पण आयकराच्या भाषेत धंदा. रोपवाटिकेतील रोपे मात्र शेतीत येतात. २००८ च्या वित्त अधिनियमाने तसा खुलासा केला आहे. ऊस कारखान्याला घातला तर शेती. त्याच उसाचा गुऱ्हाळावर गूळ केला, तर उसाच्या बाजारभावाएवढा भाग शेतीचा आणि त्यावरचा नफा धंद्याचा.

शेतीच्या रकान्यात धंद्याचा पैसा घुसवणारे आता सहज सुटत नाहीत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात तपासलेल्या प्रकरणांपैकी सुमारे २२.५ टक्के प्रकरणांत पुरेशा कागदपत्रांशिवाय शेती उत्पन्नाची सूट दिली गेल्याचे नोंदवले होते. आज निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर विवरणपत्रातच जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत हे द्यावे लागते. तीन एकर जिरायतीतून वीस लाख निघाल्याचे लिहिणाऱ्याला प्रश्न विचारायला अधिकाऱ्याने गावात येण्याचीही गरज नाही. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाले तर चुकवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत दंड आहे. आणि याची खरी झळ कोणाला लागते? ज्याचे वीस लाख खरोखरच डाळिंबाचे आहेत, त्या शेतकऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. शेती करमुक्त आहे ती निसर्गाच्या लहरीवर जगणाऱ्यासाठी. तिच्या आडोशाला दुसऱ्याने आपला गल्ला लपवावा, हे मला शेतकऱ्यावरचे अतिक्रमण वाटते. तेव्हा सातबारा, आठ-अ, पीक पाहणीची नोंद, कारखान्याच्या पावत्या, बाजार समितीची पट्टी एका पिशवीत घालून ठेवा. शेती उत्पन्न खरे लिहिल्याने बहुतेक घरांना कर लागत नाहीच. ज्याचे इतर उत्पन्न मोठे आहे, त्याचा कराचा दर शेतीमुळे वर चढतो, तो १९७३ च्या वित्त अधिनियमापासून.

माता-भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची राखून ठेवली होती. ‘वहिनींचे नाव पार्टनर म्हणून टाकू, तेवढाच कर कमी होईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. वहिनी कागदावर सही करतात आणि स्वयंपाकघरात परततात. पतीचा पेढीत मोठा हिस्सा असेल आणि पत्नीला तांत्रिक वा व्यावसायिक ज्ञानाविना मोबदला दिला जात असेल, तर ती रक्कम पतीच्याच उत्पन्नात मिळवली जाते. म्हणजे कर वाचतच नाही. पण जबाबदारी मात्र वहिनींची पक्की होते. भागीदार या नात्याने पेढीच्या सर्व देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे बांधलेला असतो. पेढीचा कर थकला तर तोही भागीदारांकडून वसूल करता येतो. उधारी बुडाली, कंपनीचे देणे थकले, तर ज्या बाईने गल्ल्याला कधी हात लावला नाही, तिच्या नावाच्या जमिनीपर्यंत वसुली पोहोचू शकते. ज्या भगिनी खरोखर धंदा पाहतात त्यांनी भागीदार जरूर व्हावे, मोबदला घ्यावा, आपले विवरणपत्र आपण भरावे. पण करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. ते वाचून दाखवायला घरात कोणी तयार नसेल, तर सही मुळीच करू नये.

आतापर्यंत जे चुकीचे लिहिले गेले, त्याचे काय? सुधारित अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५ पासून चार वर्षांपर्यंत वाढली आहे. जितका उशीर तितका जादा कर. पहिल्या वर्षी २५ टक्के, चौथ्या वर्षी ७० टक्के. कर कमी करून घेण्यासाठी किंवा परतावा मागण्यासाठी ते वापरता येत नाही. राहिलेले उत्पन्न दाखवण्यापुरतीच ती सोय आहे.

शेवटी करारपत्राविषयीच दोन शब्द. आयकरासाठी पेढीची निबंधकांकडे नोंदणी सक्तीची नाही, लेखी करारपत्र पुरते. पण नोंदणी नसलेल्या पेढीला उधारी वसुलीसाठी गिऱ्हाइकावर करारभंगाचा दावा लावता येत नाही. ठिबकच्या दुकानाची अर्धी पुंजी ज्या गावात उधारीत असते, तेथे याचा अर्थ तुम्हीच काढा. ज्यांची करारपत्रे एप्रिल २०२४ पूर्वीची आहेत, त्यांनी ती उद्या पेटीतून बाहेर काढावीत. त्यांत मोबदल्याची जुनी मर्यादा, म्हणजे पहिल्या तीन लाखांवर दीड लाख किंवा ९० टक्के, अशी आकड्यांनी लिहिलेली असेल, तर नवी वाढीव मर्यादा तुम्हाला आपोआप लागू होणार नाही. मुद्रांकावर पुरवणी करारपत्र करावे लागेल, आणि ते झाल्या तारखेपासूनच त्याचा उपयोग होईल. त्या पेटीत करारपत्र सापडलेच नाही, तर दोघा भावांनी एकत्र बसून ते आधी लिहून काढावे आणि मग सीएकडे जावे.